तिकीट सर्वांत शेवटी

आयव्हीएफसाठी, म्हणजे शरीराबाहेर बीजांड फळवून घेण्याच्या उपचारासाठी, परदेशी जायचे ठरल्यावर आम्ही सर्वांत आधी विमानाची तिकिटे काढली आणि तिथेच चुकलो. तिथल्या डॉक्टरांशी व्हिडिओवर दोनदा बोलणे झाले होते, दोघांच्याही रजा मंजूर झाल्या होत्या आणि माझी पाळी कित्येक वर्षे 28 किंवा 29 दिवसांनी नेमाने येत होती; त्यामुळे कॅलेंडरवर बोट ठेवून दिवस मोजण्यात आम्हाला काहीच वावगे वाटले नाही. नेमकी त्या महिन्यात पाळी 6 दिवस उशिरा आली आणि दुसऱ्या दिवशीच्या सोनोग्राफीत डाव्या अंडाशयावर आधीच्या महिन्यातली पाण्याची गाठ तशीच राहिलेली दिसली. ती विरेपर्यंत इंजेक्शने सुरू करता येणार नव्हती. तिकिटांचे पैसे बुडाले, मंजूर झालेली रजा का रद्द करायची याचे खुलासे द्यावे लागले, आणि ज्या गोष्टीवर माझा काडीचाही ताबा नव्हता तिच्यासाठी मी तीन आठवडे स्वतःलाच बोल लावत राहिले.

त्यानंतरच्या दोन वर्षांत आम्ही दोनदा जाऊन आलो. मी डॉक्टर नाही आणि कोणते औषध किती घ्यावे हे सांगण्याचा मला अधिकारही नाही. मात्र या प्रवासाची आखणी कोणत्या क्रमाने करावी हे मला आता चांगले उमगले आहे, आणि ते कुणी आधी सांगितले असते तर आमचे जवळजवळ एक वर्ष वाचले असते. तिशीच्या उत्तरार्धात एक वर्ष ही फार मोठी गोष्ट असते. आधी दोन्ही देशांचा कायदा, मग कागदपत्रे, मग शरीराचे वेळापत्रक आणि त्यानंतरच प्रवास, हा क्रम कोणत्याही मोहाने उलटा करू नये, एवढेच मला कळकळीने सांगायचे आहे.

कायदा म्हटले की आपण जिथे जाणार त्या देशाचाच विचार करतो. पण आपण जिथले नागरिक आहोत तिथला कायदाही आपल्याबरोबर प्रवास करतो. तुर्कस्तानने 2010 साली दात्याचे बीज (शुक्राणू किंवा बीजांड) घेण्यासाठी परदेशी जाण्यावरच बंदी घातली. इटलीने 2024 साली सरोगसीवरची आपली बंदी परदेशात जाऊन सरोगसी करवून घेणाऱ्या स्वतःच्या नागरिकांनाही लागू केली. एखादा उपचार परदेशात कायदेशीर आहे म्हणून तो घेऊन घरी परतणेही निर्धोक असेलच, असे समजू नये. आपल्या देशातील वकिलाशी एकदा तरी बोलावे, आणि ते उपचाराचे पैसे भरण्यापूर्वी बोलावे.

लोक सीमा ओलांडतात त्यामागे पुष्कळदा कायदाच असतो. जर्मनीत भ्रूणसंरक्षण कायदा 1990 साली संमत झाला, 1 जानेवारी 1991 पासून तो लागू आहे आणि त्याखाली दुसऱ्या स्त्रीचे बीजांड वापरून उपचार करण्यास मनाई आहे. म्हणून तिथल्या स्त्रिया स्पेन किंवा झेक प्रजासत्ताकाकडे वळतात. इटलीने 2004 च्या कायद्याने दात्याचे शुक्राणू आणि बीजांडे दोन्ही निषिद्ध केली होती आणि ती बंदी तिथल्या घटनात्मक न्यायालयाने 2014 साली रद्द केली. या दोन तारखांच्या मधल्या काळात युरोपातील सहा देशांच्या 46 केंद्रांत बाहेरून आलेल्या रुग्णांची पाहणी झाली आणि 2010 साली ती प्रसिद्ध झाली. त्या पाहणीतील 1230 नोंदींपैकी जवळजवळ एक तृतीयांश नोंदी इटलीहून आलेल्या स्त्रियांच्या होत्या. हा आकडा वाचल्यावर मला पहिल्यांदा वाटले की आपण काही जगावेगळे करत नाही आहोत.

वयाची अट प्रत्येक देशात वेगळी आहे. झेक प्रजासत्ताकात स्त्रीचे वय 49 पर्यंत चालते. शिवाय स्त्री आणि पुरुष अशा दोघांनी मिळून लेखी संमती द्यावी लागते, म्हणजे एकट्या स्त्रीला तिथे वाव नाही. ग्रीसने 2022 साली वयोमर्यादा 50 वरून 54 वर नेली. भारतातील 2021 च्या कायद्यानुसार स्त्रीचे वय 21 ते 50 आणि पुरुषाचे 21 ते 55 या दरम्यान असावे लागते. फ्रान्समध्ये एकट्या स्त्रीला आणि स्त्री-स्त्री जोडप्याला हा उपचार 2021 पासून खुला झाला. त्यापूर्वी त्यांना शेजारच्या देशात जावे लागत असे. आमच्या बाबतीत कारण साधेच होते. मी 38 वर्षांची होते आणि आम्ही राहतो तिथल्या उपचाराच्या प्रतीक्षा यादीत आमचा क्रमांक लागेपर्यंत मी चाळिशी ओलांडली असती.

आम्ही स्वतःच्या बीजांडांवर उपचार घेणार होतो, तरी पहिल्याच भेटीत डॉक्टरांनी सांगितले की माझा बीजांडांचा साठा कमी आहे आणि पुढे कधीतरी दात्याच्या बीजांडाचा विचार करावा लागेल. हा प्रश्न आम्ही 'तेव्हाचे तेव्हा पाहू' म्हणून बाजूला ठेवणार होतो. तसे केले नाही याचे मला आज समाधान आहे, कारण देश निवडताना आपण नकळत बाळाच्या वतीनेही एक निर्णय घेत असतो. स्पेनच्या 2006 च्या कायद्यानुसार दात्याची ओळख गुप्त राहते. स्वीडनने 1985 पासूनच शुक्राणुदात्याविषयी जाणून घेण्याचा हक्क मुलांना दिला आहे. ब्रिटनमध्ये 1 एप्रिल 2005 नंतर नोंद झालेल्या दात्याचे नाव त्या बीजापासून जन्मलेल्या व्यक्तीला अठराव्या वर्षी मागता येते. तेव्हा आज सोयीच्या वाटणाऱ्या शहराची निवड केली, तर आपले मूल अठरा वर्षांचे झाल्यावर त्याच्या प्रश्नाला उत्तर असेल की नाही, हेही तिथेच ठरून जाते. या मुद्द्यावर आम्ही दोघे एक अख्खा रविवार बोलत बसलो होतो. माझ्या नवऱ्याचे म्हणणे होते की मूल मिळण्याआधीच त्याच्या अठराव्या वाढदिवसाची चर्चा करणे जिवावर येते. मला मात्र वाटत होते की ही चर्चा करायला याहून योग्य वेळ दुसरी नाही, आणि आजही मी त्याच मताची आहे. गरज पडलीच तर ओळख उघड होऊ शकेल अशाच देशात जायचे, असे आम्ही त्या दिवशी ठरवले.

सरोगसीचा मार्ग आमच्यापुढे नव्हता, त्यामुळे त्याविषयी थोडक्यातच लिहिते. भारताने 2015 साली परदेशी दांपत्यांसाठी सरोगसी बंद केली, त्याच वर्षी थायलंडनेही केली, आणि लोक कंबोडियाकडे वळले तेव्हा 2016 साली तिथेही बंदी आली. प्रत्येक वेळी कुणाचा तरी उपचार अर्ध्यावर होता. 2020 च्या वसंतात महासाथीमुळे सीमा बंद झाल्या, तेव्हा युक्रेनच्या कीव्हमध्ये सरोगसीतून जन्मलेली डझनावारी बाळे एका हॉटेलात परिचारिकांच्या हाती होती आणि त्यांचे आईवडील दूर देशांत अडकले होते. या वाटेने जाणाऱ्यांनी बाळाचे नागरिकत्व आणि पालकत्वाचा दाखला यांचा प्रश्न गर्भधारणेच्या आधी सोडवावा. जन्मानंतर तो सोडवताना वर्षे गेल्याची उदाहरणे आहेत.

देश ठरला की केंद्र निवडायचे असते, आणि तिथे प्रत्येक जण यशाचा टक्का दाखवतो. तो टक्का कशाचा आहे हे विचारायला मी फार उशिरा शिकले. चाचणी सकारात्मक येणे, सोनोग्राफीत हृदयाचे ठोके दिसणे आणि जिवंत बाळ जन्माला येणे या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिल्या गोष्टीचा आकडा साहजिकच सर्वांत मोठा असतो. तसेच हा आकडा भ्रूण गर्भाशयात सोडलेल्या स्त्रियांमधला आहे की इंजेक्शने सुरू केलेल्या सर्व स्त्रियांमधला, हेही विचारावे. कारण ज्यांचे भ्रूण तयारच झाले नाही त्या स्त्रिया पहिल्या हिशेबातून गळून पडतात. आणि माझ्या वयाच्या, स्वतःचे बीजांड वापरणाऱ्या स्त्रियांचा आकडा काय, हे स्वतंत्रपणे विचारावे, कारण तरुण दात्यांच्या बीजांडांचे निकाल त्यात मिसळले की चित्र पार बदलते. आम्ही चार केंद्रांना हे तीन प्रश्न एकाच मजकुरात लिहून पाठवले. दोघांनी आकर्षक पत्रके पाठवली, एकाने उत्तरच दिले नाही, आणि एकाने वयोगटानुसार छोटा तक्ता पाठवून खाली लिहिले की तुमच्या बाबतीत अपेक्षा माफक ठेवाव्यात. आम्ही त्या शेवटच्या केंद्रात गेलो.

कागदपत्रांत आमची अडचण झाली ती मला कल्पनाही नव्हती अशा ठिकाणी. बीजांडांच्या साठ्याचा अंदाज देणारी एएमएच नावाची एक रक्तचाचणी असते. काही प्रयोगशाळा तिचे उत्तर नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये देतात आणि काही पिकोमोल प्रति लिटरमध्ये, आणि दुसऱ्या एककातला आकडा पहिल्याच्या सुमारे सातपट असतो. माझ्या अहवालावर 7.9 पिकोमोल असे होते, म्हणजे जेमतेम 1.1 नॅनोग्रॅम. तिथल्या समन्वयक बाईंनी माझी माहिती त्यांच्या तक्त्यात भरताना फक्त 7.9 हा आकडा उतरवला आणि एकक गाळले. 7.9 नॅनोग्रॅम म्हणजे भरपूर साठा. त्यामुळे अंडाशये गरजेपेक्षा जास्त उत्तेजित होऊ नयेत म्हणून माझ्यासाठी सर्वांत कमी डोसाची योजना आखली गेली. ती योजना ईमेलने आली तेव्हा मी रात्री जेवणाच्या टेबलावर माझा मूळ अहवाल आणि त्यांचा तक्ता शेजारी शेजारी ठेवून ओळीओळीने वाचत होते, म्हणून ते लक्षात आले. मी दोन्ही कागदांचे छायाचित्र काढून पाठवले. सकाळी डॉक्टरांचा स्वतः फोन आला, त्यांनी चूक मान्य केली आणि डोस बदलला. मी केंद्र बदलले नाही, पण तेव्हापासून प्रत्येक अहवालाच्या वरच्या कोपऱ्यात मी स्वतःच्या हाताने आकडा आणि एकक ठळक लिहिते. परदेशी उपचारात आपली फाइल अनेकांच्या हातांतून जाते, आणि ती पूर्ण वाचणारी एकमेव व्यक्ती बहुधा आपणच असतो.

बाकीचे कागद कंटाळवाणे असले तरी अडवून ठेवणारे असतात. माझ्या पासपोर्टवर एक आडनाव होते आणि जुन्या अहवालांवर दुसरे, म्हणून दोन्ही नावे एकाच स्त्रीची आहेत असे प्रतिज्ञापत्र करावे लागले. विवाहाच्या दाखल्याला अपॉस्टिल (तो परदेशात ग्राह्य ठरवणारा सरकारी शिक्का) आणि मान्यताप्राप्त भाषांतर लागले, आणि त्याला तीन आठवडे गेले. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि सिफिलिस यांच्या चाचण्या दोघांच्याही लागतात व त्या ठरावीक मुदतीतल्याच चालतात. मला रुबेलाची प्रतिकारशक्ती नाही हेही तेव्हाच कळले. ती लस घेतल्यावर किमान महिनाभर गर्भधारणा टाळावी लागते, म्हणून ही चाचणी पहिल्याच दिवशी करून घ्यावी असे मी प्रत्येकीला सांगते. झिका विषाणू आढळलेल्या प्रदेशातून आल्यावर स्त्रीने 2 महिने आणि पुरुषाने 3 महिने थांबावे असा सल्ला आहे, त्यामुळे वाटेतला मुक्काम निवडतानाही डॉक्टरांना विचारणे चांगले. माझ्या नवऱ्याने शुक्राणूंचा एक नमुना तिथे आधीच गोठवून ठेवला. ऐन दिवशी ताप आला, विमान चुकले किंवा ताणामुळे नमुना देता आला नाही तर सगळ्या इंजेक्शनांवर पाणी पडू नये, हा त्यामागचा हेतू होता.

आता शरीराच्या वेळापत्रकाकडे येते. पाळीच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी इंजेक्शने सुरू होतात आणि साधारण 10 ते 12 दिवस चालतात. त्या काळात तीन-चार सोनोग्राफी होतात, कधी रक्ताची तपासणीही होते, आणि त्या दुपारच्या निकालावरून त्याच संध्याकाळचा डोस बदलतो. बीजांडांच्या पिशव्या पुरेशा वाढल्या की बीजांडे पूर्ण पक्व करणारे ट्रिगरचे इंजेक्शन आणि त्यानंतर साधारण 34 ते 36 तासांनी भूल देऊन बीजांडे काढतात, ज्याला सगळे जण पिकअप म्हणतात. त्यानंतर प्रयोगशाळेत 3 किंवा 5 दिवस, मग ट्रान्सफर, म्हणजे भ्रूण गर्भाशयात सोडणे, आणि पुढे 9 ते 14 दिवसांनी रक्तचाचणी. हे सगळे तिथेच राहून करायचे तर पहिल्या इंजेक्शनापासून ट्रान्सफरपर्यंत अडीच ते तीन आठवडे सहज जातात. आम्ही पहिले सात दिवस घरी राहून इंजेक्शने घेतली आणि आठव्या दिवशी निघालो. त्यासाठी इथे सोनोग्राफी करून देणारे डॉक्टर आधी शोधून ठेवावे लागतात. दुसऱ्या केंद्राच्या उपचारात केवळ तपासणीपुरते सहभागी व्हायला अनेक डॉक्टर तयार नसतात आणि त्यांची अडचणही मला समजते, कारण काही बिघडले तर रुग्ण त्यांच्याच दारात येणार असते. आमच्या डॉक्टरांनी होकार दिला, पण दोन्हीकडच्या डॉक्टरांनी एकमेकांशी थेट बोलावे अशी अट घातली. ती अट मला फार मोलाची वाटली.

बीजांडे वाढवणाऱ्या इंजेक्शनांची बहुतेक पेने 2 ते 8 अंश तापमानात ठेवायची असतात. ती सामानाच्या पेटीत टाकू नयेत, कारण विमानाच्या पोटातल्या थंडीने औषध गोठण्याची भीती असते, आणि गोठलेले औषध वाया जाते. त्याच कारणाने बर्फाच्या पिशवीला पेन थेट टेकू देऊ नये. मी प्रत्येक पेन हातरुमालात गुंडाळून, मधे पुठ्ठ्याचा तुकडा घालून छोट्या थंड पिशवीत ठेवले होते आणि डॉक्टरांचे पत्र पिशवीच्या झाकणाला आतून चिकटवले होते. सुरक्षा तपासणीत त्या अधिकारी बाईंनी पिशवी उघडली, पत्र वाचले, पेने मोजली आणि प्रत्येक पेन होते तसे रुमालात पुन्हा गुंडाळून ठेवले. त्या काहीच बोलल्या नाहीत. मी मात्र पुढे जाऊन खुर्चीवर बसले आणि मला रडू आले, कारण इतक्या आठवड्यांत त्या औषधांना माझ्याशिवाय कुणी इतके जपून हात लावला नव्हता.

ट्रिगरची वेळ कागदावर रात्री 11.30 अशी लिहिली होती आणि पिकअप परवा सकाळी 11 ला, म्हणजे साडेपस्तीस तासांनी. ही वेळ चुकली तर बीजांडे नीट हाती लागत नाहीत. आमच्या दोघांच्या फोनपैकी एक अजून घरच्या वेळेवर चालत होता, म्हणून मी हॉटेलच्या भिंतीवरचे घड्याळ, केंद्रात लावलेले घड्याळ आणि नवऱ्याचा फोन अशा तीन ठिकाणी वेळ जुळवून पाहिली. उपचाराचा प्रत्येक कागद 'स्थानिक वेळ' असे स्पष्ट लिहून मागून घ्यावा.

पिकअपला 9 बीजांडे मिळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी भ्रूणतज्ज्ञांचा फोन आला की 7 पक्व होती आणि 5 फळली. मग दोन दिवस फोन नाही. त्या दोन दिवसांत फिरायला जावे असे सगळे सांगतात. आम्हीही नदीकाठी चालत राहिलो, पण फोन हातातच होता. पाचव्या-सहाव्या दिवशी 2 भ्रूण उरले. दरम्यान ट्रिगरच्या दिवशी घेतलेल्या रक्तात प्रोजेस्टेरॉन (गर्भाशयाला गर्भासाठी तयार करणारे संप्रेरक) वाढलेले आढळले होते, म्हणजे गर्भाशयाचे अस्तर भ्रूणाच्या पुढे धावले होते, म्हणून दोन्ही भ्रूण गोठवायचे आणि ट्रान्सफर नंतरच्या एखाद्या महिन्यात करायचे असे ठरले. अंडाशये फार सुजली, पोटात पाणी साठू लागले, तरीही असाच निर्णय घेतात, आणि त्या अवस्थेत रक्ताच्या गुठळीचा धोका असल्यामुळे डॉक्टरांनी परवानगी दिल्याखेरीज विमानात बसू नये. आपण ट्रान्सफर न होताच परत येऊ शकतो, ही शक्यता पहिल्या दिवसापासून योजनेत लिहून ठेवावी. आम्ही ती लिहिली नव्हती, त्यामुळे परतीच्या विमानात मला रिकाम्या हाताने परतल्यासारखे वाटले. खरे तर आमचे दोन भ्रूण उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये सुखरूप होते.

दुसऱ्या वेळी मात्र आम्ही क्रम पाळला. गोठवलेल्या भ्रूणासाठी अस्तर तयार करायचे तर गोळ्या घरीच सुरू करता येतात. बाराव्या दिवशीच्या सोनोग्राफीत अस्तर 8.2 मिलिमीटर भरले, दोन्ही डॉक्टरांनी होकार दिला, त्या संध्याकाळी प्रोजेस्टेरॉन सुरू झाले आणि त्यानंतर रात्री दहा वाजता आम्ही तिकिटे काढली. तिकीट महाग पडले, पण आधी बुडालेल्या पैशांपेक्षा ते कमीच होते. प्रोजेस्टेरॉनचे पाच पूर्ण दिवस झाल्यावर सहाव्या दिवशी ट्रान्सफर होते, म्हणजे तिकीट काढल्यापासून पोहोचायला हाताशी चार दिवस असतात, आणि तेवढे पुरतात. व्हिसा मात्र तोपर्यंत हातात असायला हवा.

ट्रान्सफरच्या आदल्या दिवशी आम्हाला विचारण्यात आले की दोन्ही भ्रूण एकदम सोडायचे का. इतक्या दूर आलो आहोत, पुन्हा येणे अवघड आहे, हा विचार मनात येतोच. परदेशी येणाऱ्या जोडप्यांना तो जास्तच येतो. पण जुळ्यांच्या गर्भारपणात मुदतीपूर्वी प्रसूती होण्याचा आणि आईचा रक्तदाब वाढण्याचा धोका बराच अधिक असतो, आणि तो धोका घरी परतल्यावर आपल्यालाच निस्तरायचा असतो. प्रवासाचा खर्च हे दोन भ्रूण सोडण्याचे कारण होऊ शकत नाही, असे माझे ठाम मत आहे. आम्ही एकच भ्रूण सोडायला सांगितले. पडद्यावर तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका क्षणभर चमकला, डॉक्टरांनी 'झाले' म्हटले आणि नवऱ्याने माझा हात इतका घट्ट धरला होता की त्याच्या बोटांचे वळ नंतर काही वेळ दिसत होते.

ट्रान्सफरनंतर अंथरुणाला खिळून राहण्याने फायदा होत नाही, आणि सर्वसाधारणपणे विमानप्रवासालाही हरकत नसते, असे आम्हाला सांगितले गेले. दोन दिवसांनी परतलो. औषधे मात्र परत येईपर्यंतची पुरत नाहीत. गर्भ राहिला तर प्रोजेस्टेरॉन दहाव्या-बाराव्या आठवड्यापर्यंत चालू ठेवावे लागू शकते आणि त्याच नावाचे औषध आपल्याकडे मिळेलच असे नाही, म्हणून कंपनीच्या नावाऐवजी मूळ घटकाचे नाव आणि प्रमाण लिहिलेली चिठ्ठी आणावी. सहाव्या-सातव्या आठवड्याची सोनोग्राफी कोण करणार हेही ठरलेले असावे, कारण गर्भ नळीत राहिलेला नाही ना, हे तेव्हा पाहायचे असते.

आमच्यावर ती वेळ आली नाही. दहाव्या दिवशी रक्तचाचणी केली, अहवाल ईमेलने आला, आणि मी तो आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्याच्या पायरीवर उभी राहून फोनवर वाचला. उत्तर नकारार्थी होते. ज्यांनी इतके आठवडे माझी काळजी घेतली ती सगळी माणसे दुसऱ्या देशात होती, आणि माझ्यासमोर होता फक्त रस्ता. वाईट बातमी कोण सांगणार, त्या क्षणी जवळ कोण असणार आणि त्यानंतरच्या दोन दिवसांची रजा कुणी मागून ठेवायची, याची तजवीज तिकिटाइतकीच आधी करावी. मी संध्याकाळी आईला फोन केला. ती एवढेच म्हणाली, "मी येते," आणि दुसऱ्या दिवशी आली.

एक भ्रूण अजून तिथे आहे. तो साठवून ठेवण्याच्या नूतनीकरणाचा अर्ज गेल्या महिन्यात आला. साठवणीची मुदत देशागणिक बदलते. भारतात ती 10 वर्षे आहे, तर ब्रिटनमध्ये जुलै 2022 पासून दर 10 वर्षांनी संमती नव्याने देत 55 वर्षांपर्यंत ठेवता येते. भ्रूण एका देशातून दुसऱ्या देशात हलवायचे म्हटले तरी परवानग्या लागतात, आणि भारतीय कायद्यात ते स्वतःच्या वापरासाठी, राष्ट्रीय मंडळाच्या मंजुरीनेच शक्य आहे. म्हणून साठवणीचा हा अर्ज सही करण्याआधी सावकाश वाचावा. त्यात चार प्रश्न होते: साठवणीची फी थकली तर काय करायचे, आपण वेगळे झालो तर कुणाच्या इच्छेनुसार वागायचे, दोघेही वारलो तर काय, आणि एक जण वारला तर दुसऱ्याला तो भ्रूण वापरता यावा की नाही. पहिल्या तिन्हींची उत्तरे आम्ही एका बैठकीत लिहिली. चौथ्या प्रश्नापाशी माझ्या नवऱ्याने पेन खाली ठेवले आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिला. मग त्याने त्याच्या रकान्यात 'हो' लिहिले, अर्ज माझ्याकडे सरकवला, आणि मी माझ्या रकान्यात तेच लिहिले. दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन तो अर्ज मंगळवारी रवाना झाला आहे. पुढच्या महिन्याच्या बाराव्या दिवशीची सोनोग्राफी इथल्या डॉक्टरांनी नोंदवून ठेवली आहे.